शेवटी नेलेला पेशंट

मास्तर, आज दुपारी नातीनं विचारलं, "आजोबा, भुलीच्या यंत्रातून एकाच्या श्वासातले जंतू दुसऱ्याला लागत नाहीत का?" ती डॉक्टरकी शिकते. मराठी समजते तिला, बोलते मात्र तमिळमध्ये. मी तिला नीट सांगितलं, की रोग्याची नळी आणि यंत्राच्या नळ्या यांच्यामध्ये एक गाळणी बसवतात, ती बरंच अडवते, पण सगळं नाही. पोरगी समाधानानं उठून गेली आणि मी मात्र तुमच्यापाशी येऊन बसलो. हेच उत्तर तुम्ही पहिल्यांदा मागितलं होतं तेव्हा मला ते देता आलं नव्हतं.

ती गाळणी तुम्हाला आठवत असेल. बिस्किटाएवढी, पारदर्शक प्लास्टिकची, आत पांढरा कागदासारखा थर. परदेशी माल नुकता बाजारात खुला झाला होता, मद्रासचा विक्रेता बॅग उघडून आमच्या छोट्या इस्पितळातल्या टेबलावर एकेक नवल मांडायचा. तोवर आम्ही रबराच्या काळ्या नळ्या साबणानं धुऊन, औषधात बुडवून मागच्या अंगणात वाळत घालायचो. वाऱ्यावर त्या हलायला लागल्या की मला तुमच्या वर्गातल्या कवितांमधल्या वेली आठवायच्या. सिस्टर हाका मारून दमायची. विक्रेता म्हणाला, "सार, ह्यातून काही म्हणजे काही जात नाही." मला ते वाक्य फार आवडलं. शास्त्रापेक्षा त्याच्या ठेक्याला भुललो असेन.

मग तुम्ही आलात, पित्ताशयातले खडे घेऊन. तरुणपणी तुम्हाला क्षय झाला होता, हे राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. औषधं पुरी झालेली, थुंकी तपासून निर्मळ आलेली, छातीच्या फोटोत फक्त जुना वण. आदल्या दिवशी मी तुमच्या खाटेशी उभा राहून ती गाळणीची चकती दाखवली. तुम्ही ती उजेडाकडे धरून पाहिलीत. "किती अडवते रे ही?" मी म्हणालो, "सगळे जंतू, मास्तर." आणि बाहेर येऊन थिएटरच्या पाटीवर तुमचं नाव सर्वांत खाली लिहायला लावलं.

ऑपरेशनच्या दिवशीची दुपार टळते आहे. तुम्ही सकाळपासून पाण्याच्या थेंबाशिवाय. सिस्टर तुम्हाला ताता, आजोबा म्हणायची; ती येऊन सांगते, "सार, ताता चिडलेत. म्हणतात, तुमचा डॉक्टर जेवला काय?" मी दारात येतो. तुम्ही स्ट्रेचरवर, हिरवा झगा आखूड पडलेला, आणि तरी वर्गात छडी घेऊन उभे असावेत तसे.

"ते टॉन्सिलचं पोर माझ्या आधी का गेलं?"

"लहान मुलांना उपाशी ठेवत नाहीत, मास्तर."

"बरं. आणि तो हर्नियावाला? तो तर बैल उचलेल. तोही लहानच काय?"

मी तुमच्या कागदांची पानं उलटली.

"तुझी चकती सगळं अडवते म्हणालास. मग माझ्या मागून कुणी आलं असतं तर काय बिघडलं असतं?" सिस्टर खाली बघायला लागली. तुम्ही आवाज उतरवलात. "पाठ म्हणताना शब्द विसरलास की तू काहीतरी घालून मात्रा भरायचास, आणि माझ्याकडे बघून हसायचास. हे 'सगळे' तसलंच ना?"

मग मी सांगितलं. कोरडी असते तोवर ती फार थोडं सोडते. आतून भिजली, कफ अडकला, की काही जातींच्या चकत्यांतून पाण्याबरोबर जंतूही झिरपू शकतात. आपली कुठल्या जातीची, हे मी विचारलेलंच नाही.

"एवढंच?" तुम्ही म्हणालात. "ह्यात लाजायचं काय होतं? शेवटी ठेवलंस ते बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. फक्त मला सांगायचं होतंस. सकाळपासून उगाच तुझ्या आईबापाचा उद्धार करतोय मी." आणि हसलात. भूल चढेपर्यंत माझा हात तुमच्या हातात होता.

ते हसू अजून सोसत नाही. कारण बरोबर नव्हतंच ते, मास्तर. निर्मळ थुंकीच्या माणसाला शेवटी ठेवायचं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्यातला डॉक्टर तुमचा कागद वाचून निश्चिंत होता. गल्लीत वाढलेला मुलगा मात्र निश्चिंत नव्हता. तुम्ही शास्त्र समजून माफ केलंत ते माझं भय होतं. आणि मी ते शास्त्र म्हणूनच राहू दिलं.

टाके निघाल्यावर तुम्ही घरी बोलावलंत. तिरुवैयारुहून कुणी केळी आणली होती, तुमच्या मंडळींनी, आमच्या मामींनी, कॉफी, आपली कापी केली, वाफाळती. आपल्याकडे भांड्याला ओठ न लावता वरून ओतून प्यायची रीत. तुम्ही म्हणालात, "अरे, तोंड भाजेल, लाव ओठ. पाहुण्यांचं भांडं आहे ते, मी त्यातून पीत नाही." पेशंटनं डॉक्टरला असा दिलासा द्यावा! मी मान मागे टाकली आणि वरूनच ओतली. जीभ पोळली. मामी कौतुकानं म्हणाल्या, "बघा, एवढा मोठा डॉक्टर झाला तरी सोवळंओवळं सोडलं नाही हो." तुम्ही केळ सोलून माझ्या हातात दिलंत.

त्यानंतर पुष्कळ वर्षं तुम्ही होतात. बस दोन थांब्यांची. तरी हे सांगायला आलो नाही, आणि आता हे पत्र टाकायला पेटी नाही. कापी वरून ओतली ती रीत नव्हती, मास्तर. आमच्या घरी मी पहिल्यापासून ओठ लावूनच पितो.