भाकरीवर थांबलेला हात

सर, मावशींची चूल अजून त्याच कोपऱ्यात आहे. तुमच्या लेकीनं त्यांना पितळी स्टो आणून दिलाय, पण तो फळीवर पाहुण्यासारखा बसून असतो. भाकर चुलीवरच. मी महिन्यातून दोनदा तरी जातो, दाराशी चपला काढतो आणि पाट बरोबर तिथेच ओढून घेतो, जिथे तुम्ही आम्हाला परीक्षेला बसवायचात. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत दारव्ह्याच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे किती अर्ज लिहिले असतील, तुम्हाला मात्र एक ओळ लिहिली नाही. राग होता असं नाही. माझा राग तुम्हाला ठाऊकच आहे, दुधासारखा वर येतो आणि खाली बसतो. एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि सांगायला गेलं की दुसरंच काही तोंडात यायचं.

तुमच्या पद्धतीचं तेव्हा मला हसू यायचं. रविवारी सकाळी तुमच्या घरी अर्जवाल्यांची गर्दी. कोणाला वसतिगृह हवं, कोणाला फी माफ. त्या फॉर्मांत एक रकाना हमखास असायचा : काय शिकणार आणि कशासाठी. येणारा पाठ केलेलं इंग्रजी धाडधाड म्हणून दाखवायचा. तुम्ही शांतपणे ऐकून म्हणायचात, "छान आहे. आता हेच मावशीले सांग." मावशी म्हणजे तुमच्या पत्नी, अक्षर न ओळखणाऱ्या, आमच्या सगळ्यांच्या मावशी. त्या काठवटीत भाकर थापत असायच्या. समोर बसून आपल्या बोलीत सांगायचं. त्या "हं, हं" करत थापत राहिल्या तर नापास. भाकरीवरचा हात थांबला तर पास, मग तुम्ही पेनाचं टोपण काढायचात. माझ्या वेळी मी देशसेवा, ज्ञानाचा प्रकाश, असं पुष्कळ ऐकवलं. एक भाकर तव्यावर गेली, दुसरी गेली. तिसरीला माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मावशी, आमच्या तांड्यात पत्र आलं का वाचाले माणूस नाही. माही याडी ते पदरात बांधून पायी दिग्रसले जाते!" याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई, हेही त्यांना तेव्हाच सांगावं लागलं. त्यांचा हात थांबला होता. तुम्ही मागून म्हणालात, "हे लिव."

त्या अर्जावर मी यवतमाळला कॉलेजात गेलो आणि दर शनिवारी दारव्ह्याला परत येऊ लागलो. तुम्ही समजायचात, अर्जांच्या नकला करायला येतो. अक्षर माझं चांगलं होतं हे खरं. पण तुमची लेक नागपूरला बी.एस्सी. करत होती आणि सुटीत घरी यायची, हेही तितकंच खरं. एका सुटीत ती म्हणाली, बाबा, मला पुढचं शिकायला परदेशात जायचंय. तुम्ही नेहमीचंच म्हणालात, "मायले सांग." मी कोपऱ्यात दौत घेऊन बसलेलो. ती चुलीपाशी टेकली आणि मावशींच्या घोट्यावरच्या जुन्या वणाला बोट लावलं. "माये, तुह्या पायातून नारू निघाला होता ना, काडीवर गुंडाळून काढला होता? तो पाण्यातून येते. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवतात, त्यातून. त्या किड्याचं पुरं शिक्षण तिकडं आहे." मावशींचा हात थांबला तो थांबलाच, भाकर काठवटीतच सुकली. मग विचारलं, "मंग तू पाणी बंद करशील का किडा?" ती म्हणाली, "किडा." मावशी म्हणाल्या, "मंग जाय."

तुम्ही सरकारी शिष्यवृत्तीचा फॉर्म मागवला. राज्य नुकतंच बदललेलं, कोणता कागद नागपूरला आणि कोणता मुंबईला हे तहसिलीतल्या लोकांनाही धड माहीत नव्हतं. सगळं जुळत होतं, गुण, वय, कॉलेजची शिफारस. फक्त जातीचा रकाना. दीड वर्षापूर्वी तुम्ही तिघं नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत बौद्ध होऊन परत आला होतात, आणि ती मदत ज्यांच्यासाठी होती त्या यादीत बौद्ध हा शब्द नव्हता. तहसिलीतला कारकून माणूस वाईट नव्हता. आवाज खाली करून म्हणाला, "मास्तर, जुनंच लिहा ना. कोण येते पाहाले? तुमच्या आजोबाच्या नावापुढं आहेच नोंद."

"आजोबाच्या नावापुढं राहू द्या. पोरीच्या नावापुढं बौद्ध लिहा."

"मंग पोरगी घरीच राह्यते."

"राहील मंग घरी," तुम्ही म्हणालात. किती सहज! पण परत येताना तुम्ही सायकलवर बसला नाहीत, सगळा रस्ता ती हातात धरून चालत आलात. मी मागून बडबडतोय, "सर, एक शब्दच तं आहे. बोटीत बसली का खोडून टाकू." तुम्ही वळूनही न पाहता म्हणालात, "खोडाले सोपं असते, म्हणूनच लोक लिवाले सांगतात."

मला ते समजलं नाही. समजून घ्यायचंही नव्हतं. मी वीस वर्षांचा, प्रेमात आंधळा, आणि माझ्या डोक्यात एकच चित्र : ती बोटीवर उभी आहे आणि तिला कळतंय की आपल्याला कोणी पाठवलं. रात्रभराच्या पावसानं उजाडल्यावरही अंधार होता, कंदिलाजवळ बसून मी पक्की नकल केली. तुमचा कच्चा कागद शब्दाला शब्द उतरवला आणि त्या एका रकान्यात, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात, जुना शब्द लिहिला. सहीसाठी कागद तिच्या हाती दिला. तिनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही न करता हाक मारली, "बाबा, हे पाहा."

तुम्ही चष्मा लावलात. मी थपडेची वाट पाहत उभा. तुम्ही म्हणालात, "अक्षर मस्त आहे." मग कागद माझ्या हातात परत देऊन, तशाच आवाजात, "जाय. या रकान्यात काय लिवलं ते मावशीले सांग."

मी पाटावर बसलो. मावशी थापत होत्या. "सांग बाबू," म्हणाल्या. सर, ते क्षण मी आजही मोजू शकत नाही. जो शब्द त्यांनी विहिरीपासून लांब उभं राहून ऐकला होता, बाजारात भाजी वरून टाकताना ऐकला होता, तुमच्या आईनं ऐकला होता, तो मला त्या चुलीपाशी बसून उच्चारायचा होता. इतका छोटा शब्द, पण जीभ उचलेना. मी तोंड उघडलं, मिटलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि मी काहीच न बोलता त्यांचा हात भाकरीवर थांबला.

"लिवता आलं," त्या म्हणाल्या, "अन् बोलता येत नाही व्हय?"

मी कागद चुलीत घातला. भप्पकन जाळ झाला, त्यावर तव्यातली भाकर फुगली, आणि मावशींनी तीच माझ्या ताटात वाढली. तुमची लेक दारातून म्हणाली, "आता नवा फॉर्म आणा लागते. शाई सांडली म्हणून सांगजा." तुम्ही हसलात. त्या घरात मला कोणी त्यानंतर एक शब्द बोललं नाही त्याबद्दल. तुमच्याकडून शिकलेलं सगळ्यात मोठं काय, असं कोणी विचारलं तर मी इंग्रजी सांगत नाही, हे सांगतो.

नवा फॉर्म तुम्ही स्वतः लिहिलात. रकान्यात बौद्ध. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ते तुम्ही मलाच वाचायला दिलंत. अपात्र. वाचताना माझा आवाज कापला. मावशींना वाटलं दुःखानं. सर, दुःखानं नाही. मला आनंद झाला होता. ती राहिली, जात नाही, एवढंच माझ्या मनात आलं, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतानासुद्धा. त्या आनंदाची इतकी लाज वाटली की आठवड्याभरात मी कॉलेज सोडलं. गावाला सांगितलं, अन्याय झाला म्हणून सोडलं, असलं शिक्षण मला नको. आणि दिग्रसला कापसाच्या जिनात कामाला लागलो, तिच्या बोटीचं भाडं मिळवतो म्हणून.

तुम्ही बसनं दिग्रसला आलात. माझ्या डोक्याला, भुवयांना रुई चिकटलेली. यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं.

"काहून सोडलं कॉलेज?"

"तिच्या बोटीसाठी, सर."

"तिनं मागतलं का?"

"नाही."

"मी मागतलं?"

"नाही."

"मंग कोणाची बोट आहे हे?"

हमाल फिदीफिदी हसले. तुम्ही मला बाहेर, सरकीच्या ढिगाआड नेलंत. तिथे आवाज चढवला नाहीत. "माह्या पोरीसाठी शिक्षण सोडलं असं चार लोकांत सांगशील, तं तिच्या नावापुढं तू अजून एक शब्द लिवशील. तो मले खोडता येणार नाही." मग तुम्ही खिशातून तुमचं स्वतःचं पेन काढून माझ्या हातात ठेवलंत, निबेची एक बाजू तुमच्या अक्षरानं झिजलेलं. "कॉलेजात जा म्हणतो, जाशील तं चांगलं. नाही गेला तं रविवारी ये. लई पत्रं लिवाची आहेत."

कॉलेजात गेलो नाही. रविवारी आलो. पुढचं वर्षभर आपण परदेशातल्या विद्यापीठांना पत्रं लिहिली. तुम्ही वाचनालयातल्या जुन्या मासिकांतून पत्ते शोधायचात, मजकूर सांगायचात, मी लिहायचो, ती तपासायची. नकार आले, काहींची उत्तरंच आली नाहीत. मग एक जाड लिफाफा आला : फी माफ, राहण्या-जेवणाचा भत्ता, आणि प्रवासासाठी ज्या संस्थेला लिहायचं तिचा पत्ता. सोबतचा फॉर्म तुम्ही पुढून वाचलात, मागून वाचलात, पुन्हा पुढून. मी विचारलं, "काय शोधता सर?" तुम्ही म्हणालात, "रकाना." आणि तो नव्हता, म्हणून तुम्ही इतके हसलात की मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

ती गेली तेव्हा आपण अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूरपर्यंत पोचवायला गेलो. फलाटावर मी काहीतरी मोठं बोलायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "अक्षरवाल्या, बाबांची पत्रं तूच लिव. त्याईचं अक्षर मले वाचता येत नाही." एवढंच. त्यावरही मी दोन वर्षं जगलो, सर. तुमच्या आजारपणातली पत्रं मीच लिहिली, तुम्ही सांगायचात "बरा आहे", मी लिहायचो "बरे आहेत". ती परत येण्याआधीच तुम्ही गेलात.

ती आली. लग्नही केलं तिनं, माझ्याशी नाही, हे तुम्हाला ऐकून नवल वाटणार नाही. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्या तांड्यावर आली, साडी खोचून विहिरीच्या पायऱ्या उतरली, पाण्याचा नमुना घेतला आणि वर येऊन माझ्या याडीला अर्धा तास समजावत बसली, पायऱ्या का बुजवायच्या, रहाट का बसवायचा. याडी तेव्हा ज्वारी पाखडत होती. मी बघत होतो. सूप थांबलं.

मीही कचेरीसमोर तसंच करतो. आलेल्याला म्हणतो, आधी तुमच्या बोलीत सांगा, मग लिहितो. लोक वैतागतात, पण अर्ज चांगला होतो.

म्हणून काल इथवर लिहिलेलं हे पत्र घेऊन मावशींकडे गेलो. नियम तो नियम. पाटावर बसून वाचून दाखवलं, चुलीत गेलेला फॉर्म, जिन, रकाना नसलेला फॉर्म, सगळं. त्या थापत होत्या, मधूनच हसल्या, एकदा पदर डोळ्यांना लावला, पण हात चालू. शेवटी म्हणाल्या, "चांगलं लिवलं बाबू. त्याईले आवडलं असतं."

हात एकदाही थांबला नाही. घरी येईपर्यंत मी विचार करत होतो की कुठे चुकलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. 'अपात्र' वाचताना मला आनंद झाला, ते वाक्य मी वाचलंच नव्हतं, सर. तेवढ्यावरून बोट सरकवून पुढे गेलो होतो.