कच्चा बोल्ट, पक्का बोल्ट

११ नोव्हेंबर, मंगळवार
...आणि पुन्हा चूक माझीच म्हणे. बोल्ट बेलरचा, गवताच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राचा, तुटतो आपणहून, आणि शेतमालक नेव्हिल बघतो माझ्याकडे. आज तीनदा तुटला. नेव्हिलचं म्हणणं, इसिकेली, बोल्ट तुटतो म्हणजे आतली सुरी बोथट झाली, गवत कापलं जात नाही. दर आठवड्याला काढून धार लावायला सांगितलं होतं ना. सांगितलं होतं, विसरलो नाही. पण ते बेलरखाली आडवं पडून करायचं काम, आणि माझी मान तशी नाही. उद्या नक्की.

१२ नोव्हेंबर
सुरी राहिली. ग्रीस मात्र भरलं, दिसेल तिथे सगळीकडे. वर बेलर पुसून काढला. लेपानी मामा गवताच्या ओळी लावून परतत होता. म्हणाला, भाच्या, नवरी सजवलीस, आता तिला कामाचं विचार. आईचा चुलतभाऊ म्हणून ऐकून घेतलं.
रात्री घरून, काडावू बेटावरून, बाबांचा फोन. अजून वल्ह्यांनीच मासेमारीला जातात, खांदा धरलाय. बोटीच्या नव्या इंजिनाचं त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं: हंगाम संपला की बोनस, नाताळाआधी दोन हजार डॉलर. बेलर बंद पडला नाही तरच बोनस, एवढं सांगायचं राहून गेलं. उगाच काळजी करतील.

१३ नोव्हेंबर
पाच बोल्ट. शनिवारी पाऊस आहे आणि मी बोल्ट बदलत बसलोय. शेवटी डोकं चालवलं. शेडच्या खणात त्याच मापाचा कडक पोलादी बोल्ट सापडला, तो बसवला. आमच्या बोटीच्या जुन्या इंजिनाचंही असंच. पाण्यातला पंखा प्रवाळाला लागला की त्याची मऊ पिन तुटायची. मी पिनेच्या जागी खिळा ठोकला, परत कधी तुटली नाही. पुढे इंजिनाच्या गिअरचे दात गेले ते जुनं होतं म्हणून. बाबा उगीच खिळ्याचं धरून बसलेत.

१४ नोव्हेंबर
एकदाही तुटला नाही. बेलरचा आवाज जरा बदललाय, सवय होईल. नेव्हिलने पाठ थोपटली, सुरीला धार लावलीस वाटतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.
मामाला खरं सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. अरे गाढवा, तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो, बाकीचं वाचावं म्हणून. आत्ता काढ. म्हटलं, जेवून काढतो. जेवल्यावर म्हटलं, एवढं शेत होऊ दे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सकाळीच मोठा आवाज झाला. गिअरबॉक्सचे दात गेले. नेव्हिलने बोल्ट काढला, एक ओरखडा नाही. म्हणजे बोल्ट चांगलाच होता. तो ओरडला नाही. बोल्ट माझ्या हातावर ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन आभाळ बघत उभा राहिला. अर्धं शेत कापून पडलेलं. तीनला पाऊस आला.

१७ नोव्हेंबर
गवत काळं पडलं. गिअरबॉक्स यायला दोन आठवडे. बोनस गेला. आज बेलरखाली झोपून सुरी काढली. मामाने टॉर्च धरला, पण एक टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.
बाबांना कळवलं, इंजिन पुढच्या वर्षी, इथलं मशीन मोडलं, जुनं होतं. बाबा म्हणाले, खिळा ठोकलास?
मी म्हटलं, आवाज येत नाही, आणि फोन ठेवला.
वल्ह्यांची नवी जोडी तरी येईल. पाठवतोय एकशे चाळीस डॉलर.