त्याच ताग्यातलं ठिगळ

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (दवाखान्याच्या बाकावर बसून बसून कंबर अशी धरली आहे, की सध्या मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? पिटुकलीचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस. मला टेन्शन वगैरे काही आलं नव्हतं, हेही नमूद करतो.

तिच्या हृदयाला जन्मापासून भोक, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, ठिगळ लावू. आता जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसापुढे हा विषय काढल्यावर तो गप्प कसा बसेल? मी विचारलं, कापड कुठलं? आटणार नाही ना? पोर वाढती आहे, शिलाईत माया सोडणार ना? (ही टेबलाखालून चिमटे काढत होती, पण ‘दोरा पक्का आहे ना?’ हे तिनंच विचारलं.) डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हृदयावर पातळ पापुद्रा असतो, त्यातलाच तुकडा घेऊ. ताई, त्याच ताग्यातलं ठिगळ! आणि काही महिन्यांत म्हणे त्यावर आपोआप अस्तर धरतं. आपण इतकी वर्षं रफू करतोय, आपल्या हातच्या कुठल्या कापडानं कधी स्वतःहून अस्तर धरलंय?

एवढं ऐकूनही त्या सकाळी माझं डोकं फिरलं. पिटुकलीला चाकांच्या खाटेवरून आत नेत होते आणि माझी नजर गेली डॉक्टरांच्या कोटावर. मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं! ज्याला स्वतःचं बटण सांभाळता येत नाही, त्याच्या हाती पोर द्यायची? मी आडवा गेलो आणि खिशातून सुई काढली. एवढा मोठा माणूस, आत अख्खी फौज खोळंबलेली, पण शहाण्या गिऱ्हाइकासारखा छाती पुढे करून उभा राहिला. पिटुकली खाटेवरून म्हणाली, “बाबा, काकांना टोचू नका हं.” तिला त्यांची काळजी!

दार बंद झाल्यावर आम्हाला बसवेना. तिथल्या पडद्यांची शिवण उसवली होती. एका टोकानं मी, दुसऱ्या टोकानं ही, टाके घालत सुटलो. नर्सबाईंनी पडदा ओढला तेव्हा कळलं, की आम्ही दोन्ही पडदे वरपासून खालपर्यंत एकमेकांनाच शिवून टाकलेत. बाई जाम भडकल्या. मग हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारी बसून निमूट उसवू लागल्या.

पट्टी बदलताना मी शिवण पाहिली. ताई, वर एकही टाका दिसत नाही, नुसती एक रेघ! तू शिकवलेली तुरपाई मी अभिमानानं मिरवत आलो, पण हे काम वेगळंच. पूर्वी पिटुकलीच्या छातीवर हात ठेवला की मांजरासारखी घरघर हाताला जाणवायची. आता नुसती टकटक. किती वेळ हात ठेवून बसलो होतो कोण जाणे. तीच कंटाळून म्हणाली, “बाबा, झालं का माप?”

तुझा,
धाकटा

ता. क. अक्षर हिचं आहे, हे ओळखलंच असशील. त्या दिवसापासून माझा हात थरथरतोय. वरचं टेन्शनबद्दलचं वाक्य लिहून घेताना ही हसत होती.

आणखी एक ता. क. पिटुकलीला घरी आणताना घालायला पुढून उघडणारा, शिवणीला न घासणारा फ्रॉक करायचाय. कापड कापून ठेवलंय. मला सुई ओवता येत नाही आणि ही ओवायला बसली की तिचे डोळे भरून येतात. तू ये. लहानपणी द्यायचीस तशी नुसती सुई ओवून दे, शिवीन मी.