डाग सुटला नव्हता

अण्णा, पनवेलच्या जुन्या बँडांवर लिहिणारी एक मुलगी परवा घरी आली होती. आमच्या ड्रमरबद्दल मी तिला जेमतेम दोन वाक्यं सांगितली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला अजून त्याचा हेवा वाटतो.

तुमच्या लाऊडस्पीकरच्या दुकानामागच्या गोदामात, भोंग्यांच्या ढिगात आम्ही तिघं वाजवायचो. अर्धवट समजलेली इंग्रजी गाणी, आणि पुढे मी लिहिलेली चार मराठी. तो तळोज्याच्या केमिकल कंपनीतली पहिली पाळी संपवून यायचा आणि आधी तुमच्यापाशी बसायचा. "अंडरग्राउंड बँड म्हणजे काय रे? पोलिसांपासून लपून वाजवता?" तुम्ही विचारलंत. मी समजावायला लागलो, तोवर तो म्हणाला, "नाय काका, वर आमाला कोनी इचारत नाय, म्हनून खाली." तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. माझ्या बोलण्यावर तुम्ही असे कधी हसल्याचं मला आठवत नाही. एकदा तो वाजवत असताना स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून तुम्ही मला म्हणालात, "तुझा हात चांगला आहे. कान त्याला आहे." मी सहा वर्षं गिटार घासत होतो, अण्णा.

मग कॉलेजच्या गॅदरिंगची ती दुपार. माईकच्या वायरींच्या प्रत्येक पिनेला तुम्ही स्वतः डाग दिलेला. सोल्डरिंगला तुम्ही डागच म्हणायचात. दुसऱ्या गाण्याला त्याच्या ड्रमचा माईक गेला. तो घामाघूम होऊन वाजवतो आहे आणि लोकांना फक्त माझी गिटार ऐकू येते आहे. खाली उतरल्यावर तुम्ही त्याच्यापुढे चक्क हात जोडलेत.

"डाग सुटला असणार. माझीच चूक. नजर राहिली नाही आता."

"जाऊ द्या काका. मी हाय ना."

त्याच आठवड्यात तुम्ही सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातात दिलंत. मला, पोटच्या मुलाला, तुम्ही त्या आयर्नला कधी हात लावू दिला नव्हतात. बँड त्या वर्षी मोडला. आज इथल्या निम्म्या लग्नांत त्याचे स्पीकर असतात, आणि तो अजून खोक्यावर तळहात ठेवून ऐकतो. मी पंगतीत बसून ते बघतो आणि मला जेवण जात नाही.

डाग सुटला नव्हता, अण्णा. त्याच्या माईकची पीन मी पायाने ओढून काढली होती. वायरी गुंडाळायचं काम माझं, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

तो दोन गल्ल्या सोडून राहतो. सांगायचं तर त्याला सांगायला हवं, आणि मी कागद भरतो आहे तुमच्यासाठी. तुम्ही होतात तेव्हाही गप्प राहिलो, ते तुमच्या रागाला भिऊन नव्हे. हे ऐकून तुम्ही माझ्यावर ओरडायच्याही आधी चपला घालून त्याच्याकडे गेला असतात.