डावीकडून घुसणारे शहाणे

बाबा, शांघायहून रुओलानचा वाकून नमस्कार. वेळेवर जेवते, काळजी नको.

संग्रहालयात माझी राखण त्या लांबलचक नदीच्या चित्रापाशी असते. तुम्ही शिकवलंत, असं चित्र उजवीकडून उलगडत बघायचं. डावीकडे शेवटी मुलाची होडी घराला लागते, म्हातारी आई दारात उभी. इथले शहाणे डावीकडूनच घुसतात, फोटोला उजेड तिथे बरा म्हणून!

काल एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, मेला आईला टाकून निघाला!"

मी म्हटलं, "अहो, त्याचं तोंड दाराकडे आहे."

"तू आमचा फोटो काढ," म्हणे. डोळे कसले, बटणं शिवलीत नुसती!

आईचा गुडघा कसा आहे? नव्या वर्षाच्या वसंतोत्सवाला यंदाही सुट्टी नाही. शेजारी म्हणतील, पोरगी घर टाकून गेली. त्यांना म्हणावं, तिचं तोंड दाराकडेच आहे.

तुमची,
रुओलान