सिंहवाल्या देवीची राखण

२६ ऑगस्ट १९४८, मस्तगड
रझाकारांची हत्यारबंद टोळी पिंपळगावात शिरली. तिथली रुक्माबाई लेकरं घेऊन वऱ्हाडात निघाली. जाता जाता देव्हाऱ्यातली चांदीची देवी माझ्या ओंजळीत ठेवली. "बाई, तुमी एवढे लढाईतले जुने बिल्ले जपता, हिलाबी जपा. घर जळालं तं जळू द्या."
हळदीकुंकवाच्या पुटाखाली सिंह. शेजारी उभी बाई, हातात ढाल. ओळखलं. ही देवी नव्हे.

२७ ऑगस्ट
चिंच लावून फक्त कड घासली. रुक्माबाईच्या आजेसासऱ्यांचं नाव, इंग्रजीत. मागे गोऱ्यांची राणी. सत्तावनचं बंड मोडल्याचा बिल्ला. आपल्याच माणसांवर बंदूक चालवल्याचं बक्षीस, आणि तीन पिढ्या नैवेद्य!
बिल्ले सोनाराच्या मुशीत जाऊ नयेत, नावं उरावीत, म्हणून जमवत आले. हे नाव वाचायला नको होतं. तिला सांगायचं?

२ सप्टें.
गल्लीत झडती. शेजारची झुलेखाबी भिंतीवरून, "देवी इकडं द्या जल्दी. आमच्या घरात न्हाई शिरत ते." ओढणीच्या पदरात गाठ मारली. "डरू नका. तिला गोश्ताचा वास लागू देत न्हाई." दोघी हसलो.
दुपारी आले. माझा बिल्ल्यांचा डबा नेला. सगळी नावं गेली. देवी तेवढी वाचली.

१९ सप्टें.
हिंदुस्थानची फौज आली, टोळी पळाली. आता उलटं. झुलेखाबीचं दार लोकांनी फोडलं. नवरा औरंगाबादेत, पत्ता नाही. मागच्या भिंतीवरून तिला ओढून घेतलं. धान्याच्या खोलीत आहे. गाठ अजून पदराला.

२३ सप्टें.
रुक्माबाईचा निरोप. थोरला दीर टोळीनं मारला. घर राख. उद्या देवी न्यायला येते, धाकटा दीर नि भाऊबंद संगं. "ज्या बाईनं राखली तिची ओटी भरूनच नेणार, खण-नारळ घेतलाय म्हनं."
निरोप्या जाता जाता, "गल्लीत कोणी लपलं न्हाई ना?"
मी नाही म्हणाले. 
झुलेखाबीला म्हटलं, देवी मला दे, मी देते. ऐकत नाही. "ओटी तुमची कशी? राखली मी. मीच देते तिच्या हातात."
"आणि तिचा धाकटा दीर?"
तिनं पदराची गाठ चाचपली. मग, "कुठवर लपवता मला, बाई?"
रुक्माबाईच्या आजेसासऱ्यांचं नाव माझ्याजवळच राहू दे. तिच्याकडे आता दुसरं काय उरलंय?

२४ सप्टें., सकाळ
गल्लीच्या तोंडाशी माणसं. रुक्माबाईचा आवाज ओळखला. मागून पुरुषांचे.
झुलेखाबीनं हातपाय धुतले. देवी तळहातावर घेऊन उंबऱ्यात बसली आहे, दाराकडे तोंड करून. आत चल म्हटलं, हलत नाही.
रुक्माबाई हाक मारते आहे. कडी अजून लावलेलीच. उठते, काढते.