रस्त्यात न सोडणारी गाडी

प्रिय ठकू,

शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. शिवणाचा वर्ग चालू असेल तर आत्ता घडी करून पर्समध्ये टाक, मुली गेल्यावर निवांत वाच. घरी सगळे धडधाकट आहेत. बातमी एवढीच, की मी गाडी घेतली. हो, चारचाकी. छोटी, आधी कुणीतरी वापरलेली, रंगाने ना धड पांढरी ना धड राखाडी. दादाने ऐकलं तेव्हा त्याने वहिनीकडे असं पाहिलं, जणू मी सर्कशीतला हत्ती घरी आणलाय. म्हणाला, या वयात? मी म्हटलं, या वयात नाही तर काय पुढच्या वयात? त्यावर तो उठून गॅलरीत गेला. तिथे उभं राहून तो विचार करतो असं वहिनी सांगते. मला तरी तो फक्त खालच्या गाड्या मोजताना दिसतो.

गाडी चालवायला शिकले त्याचीही एक कहाणीच आहे. शिकवणारे मास्तर पहिल्या आठवड्यात सारखं म्हणायचे, बाई, क्लचवर जरा दया करा. शेवटी मी परीक्षेत पास झाले तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हायसं वाटलं. पण खरी परीक्षा पुढे होती, कोणती गाडी घ्यायची याची. दादा मला मोठ्या हौसेने एका शोरूममध्ये घेऊन गेला. घ्यायचीच असेल तर निदान चारचौघांत शोभेल अशी घे, हे त्याचं म्हणणं. तिथे एक लालभडक गाडी होती, आत हा एवढा मोठा पडदा. मी विक्रेत्याला विचारलं, लांबलचक चढावर, भरल्या गाडीने, उन्हात कशी चालते? त्याने पडदा लावून मला गाणं ऐकवलं.

मग मी ठरवलं, विकणाऱ्यांना विचारायचंच नाही, वापरणाऱ्यांना विचारायचं. आणि वापरणारे तर आमच्या चष्म्याच्या दुकानात रोज आपणहून येतात. डोळे तपासायच्या खुर्चीत माणूस बसला, ती जड चाचणीची फ्रेम नाकावर चढली, की तो कुठे पळतोय? मी भिंगं बदलत विचारायची, आता नीट दिसतं की आधी नीट दिसत होतं, आणि बरं का, तुमच्याकडे गाडी कोणती? पहिल्या काही दिवसांत मी हरखून गेले. जगात एकही वाईट गाडी नाही, ठकू. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर तर आपल्या गाडीचं असं कौतुक करत होते, जणू ती त्यांच्या पोटची पोर. एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, छान चाललीय, कधी म्हणून त्रास नाही. पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीत त्यांची बायको बसली. मी सहज विषय काढला तर म्हणाली, त्रास नाही कसा? ती गाडी ढकलता ढकलताच माझी कंबर गेली.

तिथे माझी ट्यूब पेटली. गाडी कशी आहे असं विचारलं की माणसं गाडीबद्दल बोलतच नाहीत. आपण घेतली, चारचौघांत मिरवली, आता तिला नावं कशी ठेवायची, म्हणून छान चाललीय. मग मी प्रश्नच बदलला. विचारायला लागले, शेवटची बंद कधी पडली, कुठे पडली, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत? या प्रश्नावर लोक आधी खुर्चीत सावरून बसायचे. मग खरं सांगायला लागायचे. डॉक्टरांची लाडकी लेक हायवेवर गरम होऊन बसली होती आणि ते ट्रकमधून घरी आले होते.

अशात एक नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करतात, वेळी-अवेळी, गावाबाहेरही. त्यांच्या गाडीला त्यांनी स्वतःच भरपूर नावं ठेवली. दार कुरकुरतं, सीट टोचते, पत्रा तर डब्याचा. मी माझा प्रश्न विचारला. त्या बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत रस्त्यात मला तिने सोडलं नाही. पेशंटकडे पोचलेच नाही असं कधी झालं नाही." तसली गाडी वापरणारे आणखी जितके भेटले त्यांनीही तिची यथेच्छ टिंगल केली, पण रस्त्यात अडकल्याचं कुणी सांगितलं नाही. तशीच एक मिळाली. गॅरेजवाल्याने खालून-वरून तपासली, मी आईला मागे बसवून डोंगरावरचा तो लांब चढ दोन खेपा चढले-उतरले. आईला मळमळलं, गाडीला काही झालं नाही.

आता तू म्हणशील, दुकान घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, ताईला एवढी खात्रीची गाडी हवी कशाला?

ठकू, लोकांना तो प्रश्न विचारता विचारता मला सारखी तूच आठवत होतीस. तुझं लग्न झाल्यापासून आम्ही सगळे तुला फोनवर एकच विचारतो, कशी आहेस. तू म्हणतेस, छान चाललंय. आणि मागून त्याचा खोकला ऐकू येतो. मी आता तुला कशी आहेस हे विचारणार नाही. तुझा चष्मा दोन वेळा माझ्याकडे दुरुस्तीला आला, पडला म्हणून. माझं आयुष्य चष्मे सरळ करण्यात गेलं. पडलेला चष्मा कसा वाकतो ते माझ्या हाताला कळतं. तुझा तसा वाकलेला नव्हता.

मागच्या वेळी तू घर सोडून आमच्याकडे यायला निघालीस तेव्हा काय झालं, तेही मला सगळं ठाऊक आहे. तुमच्या गावातल्या बसगाड्या त्याच्याच मालकीच्या, टॅक्सीवाले त्याला दिवसातून दहा सलाम ठोकणारे. तू तिकीट काढायच्या आत तो स्टँडवर हजर होता, आणि लोकांसमोर हसत हसत तुझी बॅग उचलून तुला घरी घेऊन गेला. त्याला कुणा ड्रायव्हरने कळवलं असं तू समजत असशील. तू येतेयस हे तू विश्वासाने दादाला सांगितलंस, आणि कळवलं दादानेच. नवरा-बायकोच्या मध्ये आपण पडायचं नसतं, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. मी त्याला तोंडावरच सांगितलं, तू पडू नकोस, मी पडते. तेव्हापासून आमचं बोलणं गाड्यांपुरतंच आहे, आणि या पत्राबद्दल त्याला अवाक्षर माहीत नाही. आईला मात्र सांगितलं. तिने ओट्याशी माझ्याकडे पाठ करूनच आधी गॅस बंद केला. एके काळी जुळवून घे म्हणणारी हीच आपली आई. मग वळून म्हणाली, "तिला लिही, कारण सांगायचं नाही, कुणाची समजूत काढायची नाही. नुसतं ये म्हणावं."

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी शाळा सुटताना मी मागच्या फाटकाशी गाडी चालू ठेवून बसलेली असेन. त्या दिवशी रोजच्यासारखीच शाळेत ये, घरातून काही उचलू नकोस. कपडे माझे होतील तुला, सैल झाले तर तूच उसवून शिव. तो आलाच तर येऊ दे. मी काच खाली करून सांगेन, बहिणीला घरी नेतेय, आणि काच वर करेन. तुझा धीर झाला नाही तर हात हलवून आत जा. मी रागावणार नाही, काही विचारणार नाही, सरळ घरी जाईन. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

कुणाचीही परवानगी न घेता,
तुझीच,
ताई